थंडीची खोळ

आमच्या घरात माझ्या वहिनीची एक गोष्ट सांगतात. तिनं माहेराहून एक पोपट आणला, पोटच्या पोरासारखा जपला आणि एक दिवस पिंजऱ्याची कडी लावायला विसरली. पोपट उडून गेला. तेव्हापासून घरातून निघताना ती अर्ध्या जिन्यावरून परत फिरायची आणि कुलूप ओढून बघायची. लग्नाला निघालेली सगळी मंडळी खाली टॅक्सीत घामाघूम झालेली आणि वहिनी वर कुलपाशी, हे आमच्यातल्या प्रत्येकानं पाहिलं आहे. ‘बघू दे तिला, अजून एखादा राघू राहिला असेल आत,’ असं कुणीतरी म्हणायचं आणि टॅक्सीतले सगळे हसायचे.

गेल्या महिन्यात तिच्या तेराव्याला तिच्या नातवानं ही गोष्ट पुन्हा सांगितली. प्रेमानंच सांगितली. जेवणारे हसले. मीही हसलो आणि भात कालवत राहिलो.

पोपट उडाला नव्हता. कडी लावलेली होती. हे माहीत असलेला माणूस मी एकटाच आहे आणि पहिल्यापासून एकटाच होतो. म्हणून लिहितो आहे.

तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहायचो. तिसरा मजला, एक खोली, पुढे गॅलरी. वडील गेलेले होते. आई गिरणीत रिळं भरण्याच्या कामाला, दिवसपाळीला. मोठा भाऊ दुसऱ्या गिरणीत फिटर, त्याला बहुतेक रातपाळी. मी मॅट्रिकला आपटलो होतो आणि गिरणीत बदली कामगार म्हणून नाव लागण्याची वाट बघत होतो, म्हणजे घरीच होतो. वहिनी लग्न होऊन आली ती रत्नागिरीकडून बोटीनं, आणि पहिल्या माहेरपणाहून परत येताना तिनं बांबूच्या टोपलीत हे पिल्लू आणलं. आई म्हणाली, ‘माणसांना पाय पसरायला जागा नाय नि तू पाखरू आणलंस गो?’ पण चार दिवसांत आईच कामावरून येताना त्याच्यासाठी ओली मिरची घेऊन यायला लागली.

पिंजरा भावानं केला. गिरणीतल्या टाकाऊ तारेचा, जाड, वजनदार. सगळे त्याला राघू म्हणत, वेगळं नाव ठेवलं नाही.

पोपटाला ऊन किती आणि गारवा किती सोसतो, हे मी वहिनीकडे पाहून शिकलो. उकाडा झाला की तो चोच उघडी ठेवतो आणि पंख अंगापासून जरा दूर धरतो, आपण घामानं सदरा सोडवून धरतो तसे. गारठला की फुगून चेंडूएवढा होतो आणि एक पाय पोटात घेतो. आमची गॅलरी पश्चिमेची. सकाळी तिथं सावली, दुपारनंतर ऊन आत घुसायचं आणि पत्रा तापायचा. म्हणून पिंजरा सकाळी गॅलरीत, जेवणाच्या वेळेला आत मोरीजवळ, दिवेलागणीला पुन्हा बाहेर. वहिनीनं पिंजऱ्याला दोन खोळी शिवल्या होत्या. एक उन्हाळ्याची, पातळ मलमलीची. ती भिजवून, पिळून तीन बाजूंनी टाकायची, वाऱ्याची बाजू मोकळी ठेवायची आणि वाळली की परत भिजवायची. दुसरी थंडीची, गोधडीची. ती चारी बाजूंनी खालपर्यंत यायची. पौष-माघात पहाटे वारा सुटला की ती घातली जायची. शेगडी पेटवायच्या आधी वहिनी पिंजरा दाराबाहेर नेऊन ठेवायची, कारण कोळशाचा धूर पाखराला बाधतो. हे तिला कुणी शिकवलं, मी कधी विचारलं नाही.

राघूला बोलता यायचं नाही. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते, चाळीतली पोरं त्याला घोषणा शिकवायला टपलेली असायची, पण तो ढिम्म. त्याला एकच गोष्ट यायची, गिरणीचा भोंगा. हुबेहूब. भर दुपारी तो भोंगा द्यायचा आणि आमच्या मजल्यावर रातपाळी करून झोपलेले दोन-तीन जण तरी दचकून उठून बसायचे. शेजारचे काका गॅलरीत येऊन ओरडायचे, ‘अहो सूनबाई, आम्हाला मुकादम आहे तेवढा पुरे! ह्याला कोणी भरती केला?’

भाऊ कधी ओरडला नाही. पण त्याची झोप मोडायची आणि ती वहिनीला सोसायची नाही. थंडीची खोळ घातली की राघूला रात्र वाटायची आणि तो गप्प व्हायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. उन्हाळ्यात मात्र ती खोळ वहिनीनं दिवसा कधी वापरली नाही. भोंगा सुरू झाला की ती पिंजरा मोरीत घेऊन बसायची, एकेक दाणा भरवायची, त्याला गुंतवून ठेवायची. गोधडीची खोळ ट्रंकेवर घडी घालून असायची.

एकदा जानेवारीत आमच्या भागात संचारबंदी होती. खाली पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो वर आला. आम्ही डोळ्यांवर ओले पंचे धरून बसलो होतो. वहिनीनं उन्हाळ्याची खोळ भिजवून पिंजऱ्यावर टाकली, चारी बाजूंनी. धूर गेल्यावर पाहिलं तर राघू भिजून काकडत होता. तिनं त्याला पदरानं टिपला, पिंजरा भिंत आणि स्वतःच्या मध्ये ठेवला, वरून गोधडीची खोळ घातली आणि अंग कोरडं होईपर्यंत तिथून हलली नाही. बाहेर काय चाललं होतं ते त्या वेळी मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

ती घटना वैशाखातली. वहिनी सकाळीच घोडपदेवला गेली. मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. जाताना तिनं राघूची पाण्याची वाटी भरली, दाणे टाकले आणि मला म्हणाली, ‘भावोजी, ऊन गॅलरीत यायच्या आत ह्याला मोरीशी घ्या. फडकं वाळलं की भिजवा. विसराल तर बघा हां.’

‘विसरायला मी काय तुमचा नवरा आहे?’ मी म्हणालो. ती हसत गेली.

आई कामावर. भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपलेला. जेवून मी पिंजरा आत घेतला आणि राघूनं भोंगा दिला. भाऊ कुशीवर वळला. मी पिंजरा परत गॅलरीत नेला. तेवढ्यात खालून मित्रांनी हाक मारली, ‘अरे चल ना, जागा मिळणार नाही!’ परळला सभा होती. मी त्यांना हातानं थांबायची खूण केली. राघू भोंगे देतच होता. आत ठेवावा तर भाऊ उठणार, बाहेर ठेवावा तरी उठणार. मी ट्रंकेवरची थंडीची खोळ घेतली, पिंजऱ्यावर घातली आणि खालपर्यंत ओढली. तो गप्प झाला. ऊन तेव्हा कठड्यावर पोचलं होतं. जाऊन लगेच येऊ, असा विचार केला आणि खाली उतरलो.

सभेत मला त्याची आठवण झाली नाही असं सांगता आलं असतं. पण झाली. माझ्या पुढ्यात बसलेल्या एका माणसानं रुमाल भिजवून डोक्यावर ठेवला, तेव्हा झाली. मैदान जवळ होतं, उठलो असतो तर थोड्या वेळात घरी पोचलो असतो. सगळ्यात मोठे वक्ते शेवटी बोलणार होते. मी बसून राहिलो. त्यांनी काय सांगितलं, त्यातलं आज एक वाक्य आठवत नाही.

परत आलो तेव्हा भाऊ कामावर गेला होता. खोळ होती तशीच होती. काढली. राघू तळाशी पडला होता, चोच उघडी, पंख दोन्हीकडे पसरलेले. वाटीतलं पाणी संपलं होतं. मी हात घालून त्याला उचलला. तो गरम होता. ती ऊब उन्हाची होती.

मला रडू आलं नाही. घाबरलोही नाही फारसा. वर्तमानपत्राच्या कागदात त्याला गुंडाळला, खाली गेलो आणि कोपऱ्यावरच्या म्युनिसिपालिटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. वर येऊन गोधडीची खोळ घडी करून ट्रंकेवर ठेवली. मलमलीची भिजवून पिंजऱ्यावर टाकली. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं. हात धुतले.

आई आधी आली, मागोमाग वहिनी. मी म्हणालो, ‘राघू उडाला. फडकं भिजवायला गेलो तर दार उघडं.’

वहिनी पिंजऱ्यापाशी गेली. आत बघितलं, मग समोरच्या चाळीच्या कौलांकडे बघितलं. आई म्हणाली, ‘सकाळी वाटी कोणी भरलीन? तूच ना गो?’

‘मीच भरली.’

‘नि कडी?’

‘लावली होती,’ वहिनी म्हणाली. मग कडी चाचपत, ‘लावली असेन.’

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. तिथं मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, ‘सैल लागली असेल, वहिनी. घाईत होतात ना तुम्ही.’

वहिनीनं मान हलवली. डोहाळजेवणातून तिनं राघूसाठी डाळिंबाची फोड रुमालात बांधून आणली होती. ती तिनं पिंजऱ्यात ठेवली.

सकाळी भाऊ आला. ऐकून म्हणाला, ‘निघालो तेव्हा वर खोळ होती. मला वाटलं झोपलाय. काल झोप चांगली झाली म्हणून बरं वाटलं होतं.’ कुठली खोळ, हे कुणी विचारलं नाही. तसल्या गोष्टी त्याच्या लक्षात यायच्या नाहीत.

पाळलेला पोपट पिंजरा ओळखतो आणि परत येतो, असं चाळीत कुणीतरी वहिनीला सांगितलं. तिनं पिंजऱ्याचं दार सुतानं मागे बांधून उघडं ठेवलं आणि पिंजरा पूर्वीसारखाच गॅलरीत टांगला. रोज वाटीत पाणी. ऊन आलं की आत मोरीशी. उन्हाळ्याची खोळ भिजवून, तीन बाजूंनी. आई चिडायची, ‘कोणासाठी भिजवतेस?’ वहिनी म्हणायची, ‘आला तर तापलेल्या तारेवर बसेल कसा?’ शेजारचे काका एकदा म्हणाले, ‘सूनबाई, आता भोंगा वाजत नाही तर मला उशीर होतो कामाला.’ ते तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले होते. ती हसली नाही.

बाकी सगळ्यांना कामं होती. मी घरी असायचो. दुपारी ती नळावर जाताना म्हणायची, ‘भावोजी, तेवढं फडकं भिजवाल?’ मी भिजवायचो. तो सगळा उन्हाळा आणि पुढचा उन्हाळाही मी रिकाम्या पिंजऱ्यावरचं फडकं वेळच्या वेळी भिजवलं. एकदाही वाळू दिलं नाही. थंडीत गोधडीची खोळ घालायचं कामही एकदोनदा माझ्याकडे आलं. तेही केलं. त्या वेळी मला काय वाटत होतं, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. फडकं गार लागायचं हाताला, एवढं आठवतं.

भावानं दुसरा पोपट आणायची गोष्ट काढली. ती म्हणाली, ‘एकाची कडी नीट लावता आली नाही मला. दुसरा कशाला?’ नंतर मुलं झाली, तेव्हा आंघोळीचं पाणी कढत आहे का हे ती दुसऱ्या कुणाकडून बघून घ्यायची. रॉकेलचा स्टोव्ह विझवला का, दुधावर झाकण ठेवलं का, सगळं विचारायची. ‘मी केलं असेन’ हे तिचं नेहमीचं बोलणं झालं. घराच्या किल्ल्या आईनं तिला कधी दिल्या नाहीत, आणि तिनंही मागितल्या नाहीत. जिनं अश्रुधुरात पाखरू जगवलं, तिला लोक वेंधळी म्हणायला लागले. मग तीही स्वतःला तसंच म्हणायला लागली. मला नोकरी लागली, माझं लग्न झालं, मी दादरला राहायला गेलो. महाराष्ट्र झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. सांगायला मला पुष्कळ वर्षं मिळाली. भाऊ गेला तेव्हा वाटलं, आता सांगू. नाही सांगितलं.

तेराव्याची जेवणं झाल्यावर मी तिच्या मुलाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. पिंजरा तिथं आहे. चाळ सोडताना तिनं तो बरोबर आणला होता. आता नातसून त्यात कांदे ठेवते. दार अजून मागे सुतानं बांधलेलं होतं. मी सूत सोडलं, दार लावलं आणि कडी आकड्यात घातली. भावानं केलेली कडी. इतक्या वर्षांनीही घट्ट बसली. मग ती मला काढता येईना.

नातू आला. ‘आजोबा, काय करताय? सोडा, मी बघतो.’ त्यानं एका हातानं ओढून पाहिली. हलली नाही. ‘काय कडी आहे! आणि आजीच्यानं ही लागली नव्हती?’ तो हसत म्हणाला. मग त्यानं दोन्ही हातांचे अंगठे लावले आणि जोर केला, तेव्हा कुठे ती निघाली.

त्या संध्याकाळी राघूला बाहेर काढताना मलाही दोन्ही अंगठे लावावे लागले होते.