बनाबाईचं चुलवण

वडगाव निंबाळकरच्या गुऱ्हाळात चुलवणाला, म्हणजे रस आटवायच्या भट्टीला, जाळ घालायचं काम एकवीस हंगाम बनाबाईकडे आहे. उसाची वाळलेली चिपाडं आत कोंबली की झालं, असं ज्याला वाटतं त्यानं तासभर तिच्या जागी बसून दाखवावं.

यंदा डिसेंबरात अवकाळी पाऊस आला आणि चिपाडं भिजली. वर काहिलीत रस निम्मा आटलेला, आणि खाली जाळ बसला. नुसता पिवळट धूर. आच तुटली की गूळ मऊ पडतो, ढेप बसत नाही. त्यात नवा मालक अजित यानं कालच बजावलेलं, एक काहील बिघडली तर उद्यापासून जाळावर दुसरा माणूस.

अजित धावत आला. "मावशे, अजून घाल की चिपाडं."

"भूक न्हाय लागली त्याला, अजितराव. गुदमरलाय त्यो."

"मग डिझेल वततो थोडं."

"वता की. भडका भाईर यील, मग मिशा कुठं गेल्या म्हणून इचारू नगा."

आणि तिनं आतली निम्मी चिपाडं उलट बाहेरच ओढली. अजितनं कपाळावर हात मारला. बनाबाईनं खालची राख ओढून वाऱ्याची वाट मोकळी केली.

चिपाड ओलं असलं की आच आधी त्यातलं पाणी उडवण्यात खर्ची पडते. पाणी गेलं, चिपाड तापलं, की त्यातून वायू निघतो, आणि पेटतो तो वायू. म्हणून तर ज्योत चिपाडापासून बोटभर अंतर राखून उभी राहते. पुस्तकात हे दोन ओळींत येतं. बनाबाईनं ते बोटभर अंतर एकवीस वर्षं पाहिलंय.

ओली चिपाडं तिनं धुराड्याच्या गरम भिंतीला टेकवली. गंजीच्या पोटातली कोरडी काढून मूठमूठ, सुटी सुटी आत फेकली. धूर म्हणजे तरी काय, न पेटलेलं जळणच. जरा वेळानं आत भक्कन आवाज झाला आणि सगळा धूरच पेटला. काहील पुन्हा खदखदायला लागली.

गुळव्या जोतीरामतात्यांनी पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, गोळी वळून घमेल्यावर आपटली. टण्ण वाजली.

"उतरवा," तात्या म्हणाले.

साच्यात ढेपी बसल्या. "रंग जरा काळपट हाय," अजित पुटपुटला.

"व्हय. पर बसलाय न्हवं?" बनाबाई म्हणाली.

अजितनं ढेपेवर बोट दाबून पाहिलं. मग म्हणाला, "मावशे, उद्या मी बसू का तुझ्यापाशी? शिकीन म्हणतो."

"बसा. मधी बोलायचं न्हाय. आन् ह्यो नायलॉनचा शर्ट घरी ठिवून या. ठिणगी पडली की वितळून कातड्याला चिकटतोय."