वर नेऊन द्यायचा शर्ट

इस्त्रीवाले मामा जिन्याखालीच बसायचे, पण जिना चढणाऱ्या माणसाकडे त्यांनी कधी बघितलं नाही. पहिल्या पायरीवर पाऊल वाजलं की ते भिंतीकडे तोंड करून कॉलरवरून इस्त्री फिरवत राहायचे. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतली ती जुनी इमारत. वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची सभा भरते. बाहेर पाटी नाही. हे सगळं लिहावं की नाही, मला ठरवता येत नव्हतं. पप्पा म्हणाले, "लिही. फक्त नावं नको टाकू."

पाटी नसल्यामुळे नवीन माणूस पत्ता विचारायचा तो भलताच. कुणी टेलर शोधत यायचा, कुणी झेरॉक्सचं दुकान. मला पत्ता कॉलेजच्या मॅडमनी दिला होता, तरी मी त्या गल्लीतून तीनदा पुढे जाऊन परत आले आणि शेवटी मामांना विचारलं, "इथे टायपिंगचा क्लास कुठे आहे?"

"टायपिंगचा क्लास इथं कधीच नव्हता, ताई," इस्त्रीतले निखारे हलवत मामा म्हणाले. "स्वतःसाठी आलीस, का घरच्यासाठी?"

"पप्पांसाठी," मी म्हणाले आणि तिथेच रडू आलं. मामांनी स्टूल पुढे सरकवलं आणि ते भिंतीकडे वळले.

नवीन माणसासाठी ते एक पांढरा शर्ट कडक इस्त्री करून तयार ठेवत. "वर जाताय ना? एवढा देऊन या." हातात काम आलं की माणसाला जिना चढता येतो; गल्लीत कुणी ओळखीचं भेटलंच तर सांगायला कारणही असतं. शर्ट घेऊन आलेला माणूस पहिल्यांदाच आलाय, हे वरच्यांना कळायचं. ते शर्ट घ्यायचे आणि बसायला जागा करून द्यायचे. सभा संपली की शर्ट खाली परत. "पोराच्या लग्नाला शिवला होता," मामांनी एकदा सांगितलं. "लग्न नांदगावला. मी घरातून निघालो, अन् पोहोचलो नाय." तेव्हापासून मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता. त्यानंतर मामांनी दारू सोडली, तरीही नाही.

माझे पप्पा घोटीहून नाशिकला येऊन गोदामात हमाली करायचे आणि रोज प्यायचे. आता थांबले नाहीत तर वर्ष निघणं कठीण आहे, असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. घाबरून मी एक चूक केली. पप्पांना म्हणाले, कॉलेजात पालकांना बोलावलंय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. रविवारी कॉलेज बंद असतं हे पप्पांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सकाळची घेतली नाही. दाढी केली, ठेवणीतला निळा शर्ट घातला. रिक्षात मला विचारत होते, "सरांशी काय बोलायचं असतं गं?"

जिन्यापाशी वरच्या सभेतलं बोलणं कानावर आलं आणि त्यांना सगळं कळलं. मामांनी पुढे केलेला पांढरा शर्ट त्यांनी घेतला नाही. "माझ्याशी खोटं बोललीस व्हय, पोरी?" एवढंच म्हणाले आणि चालत निघून गेले.

मामा माझी समजूत काढतील असं वाटलं होतं. ते रागावले. "तुझ्या कॉलेजासाठी हा माणूस सकाळची चुकवून आला. खरं सांगितलं असतं तर आला नसता, हे तू कशावरून ठरवलंस?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याशी सगळे खोटंच बोलतात, ताई. आम्ही बोलतो म्हणून."

दोन दिवसांनी, पप्पा सकाळचा चहा घेत असताना, मी खरं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते. टायपिंगच्या क्लासचंही. ते कप खाली ठेवून कामावर निघून गेले. रविवारी मात्र तोच निळा शर्ट घालून दारात उभे राहिले. "चल. पण तू वर यायचं नाय."

मामांनी त्यांच्या हातात पांढरा शर्ट दिला. पप्पांचं पाऊल चौथ्या पायरीवर थांबलं. मी वळणार, तोच मामा हळू म्हणाले, "भिंतीकडं बघ." मी बघत राहिले. खूप वेळाने पाऊल पुढे गेलं.

नंतर पप्पा दोनदा घसरले, पुन्हा प्यायले. दोन्ही वेळा परत गेले. मामा फक्त "या" म्हणाले.

मागच्या दिवाळीनंतर नांदगावहून मुलाचा फोन आला. नातीचं बारसं होतं. मामा तो पांढरा शर्ट अंगात घालून निरोप घ्यायला आले. खांद्यांत ढगळ झाला होता. "आता वर काय पाठवायचं?" पप्पांनी विचारलं. "तुमच्याकडं नाय का एखादा?" मामा म्हणाले. मुलाने त्यांना ठेवून घेतलंय.

आता रविवारी सकाळी जिन्याखाली पप्पा बसतात. इस्त्री त्यांना अजून जमत नाही; निळ्या शर्टाच्या कॉलरला चुणी राहतेच. पहिल्याच रविवारी त्यांनी एका नवीन माणसाला सरळ विचारलं, "दारूसाठी आलात का?" तो झपाझपा निघून गेला. पप्पा आठवडाभर नीट जेवले नाहीत.

परवा मी पप्पांजवळ बसले होते, तेव्हा तोच माणूस परत आला. म्हणाला, "इथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान कुठंय?"

पप्पांनी निळा शर्ट उचलला. "दुकान नाय माहीत. पण वर जाताय तर एवढा देऊन या."

त्याने तो दोन्ही हातांत घेतला. पप्पा भिंतीकडे वळले आणि मला म्हणाले, "तू पण."