भैयाजींच्या मातीचा वाद

नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यात सुशील सोनकुसरे होते फिटर, पण सगळे त्यांना वकील म्हणत. कारण देवाधर्माचा विषय निघाला की त्यांना थांबवणं कठीण. डब्याच्या सुट्टीत, कंपनीच्या बसमध्ये, रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात, कुठंही ते वाद घालायला तयार. घराणं उमरेडकडच्या कोष्ट्यांचं. आजोबा ख्रिस्ती झाले, तेव्हापासून ही तिसरी पिढी. सुशील चर्चचे सेक्रेटरी होते आणि वचनं त्यांना तोंडपाठ होती. वाद घातल्याशिवाय खरं काय ते कळत नाही, असं ते म्हणत, आणि ते त्यांना मनापासून वाटत असे.

शेजारच्या मशीनवर भैयाजी पराते होते. तेही कोष्टीच, पण हिंदू. एकाच बाकावर जेवता जेवता भैयाजी विचारत गेले, सुशील सांगत गेले, आणि एका ईस्टरला भैयाजींनी सुशीलच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पाळकांनी डोक्यावर पाणी शिंपडलं, तेव्हा सुशील शेजारीच उभे होते. भैयाजींची बायको कौशल्या आपल्या देवांपाशीच राहिली. तिनं नवऱ्याला अडवलंही नाही. भैयाजींचे मोठे भाऊ गोपाळराव यांनी मात्र बोलणं टाकलं.

दोन-तीन वर्षांनी भैयाजी एका नव्या ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागले. तिथले पास्टर चंदन तरुण होते, गिटार वाजवून गात, आजाऱ्यांच्या घरी जात. त्यांनी भैयाजींना कन्हान नदीत पूर्ण बुडवून पुन्हा बाप्तिस्मा दिला. सुशीलना हे फार लागलं.

"मंग आपल्या चर्चमधे झालं ते काय होतं? अंघोळ?" त्यांनी बसमध्येच विचारलं.

भैयाजी हसले. "तू गा लय वकिली करतं. मले दोन्ही खेपेले बरं वाटलं, त्याले मी काय करू?"

भैयाजी असे होते. दोघांचा डबा एकाच बाकावर उघडायचा तो उघडतच राहिला.

मे महिन्यात एका सकाळी भैयाजी चहा पिता पिता कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांनी कौशल्याबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं की मला जाळायचं नाही, माती द्यायची. गोपाळराव आले, भावाच्या पायाशी बसून रडले, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं, "त्याची इच्छा होती तसंच करा. आमचं काही म्हननं नाही."

अडचण एवढीच होती की कब्रस्तान सुशीलच्या चर्चचं, आणि नव्या मंडळीकडे स्वतःची जागा नव्हती. जुने पाळक बाहेरगावी होते. त्यांनी फोनवर सांगितलं, "सुशील, तुम्हीच बघून घ्या." सुशीलनी होकार दिला की माणसं खड्डा खणायला घेणार होती.

अंगणात बर्फाच्या लाद्यांवर भैयाजी निजलेले होते. सुशील चंदनला बाजूला घेऊन म्हणाले, "जागा देतो. पन कबरेवरची उपासना आमच्या रीतीनं, आमच्या मानसाच्या हातून. तुम्ही मागं उभे राहा."

"अंकल, ते माझ्या मंडळीचे सभासद होते. मी त्यांना बाप्तिस्मा दिला आहे."

"बाप्तिस्मा आधीच झाला होता."

"शिंतोडे मारणं म्हणजे बाप्तिस्मा नाही, अंकल."

इथून आवाज चढले. आधी दोघंच होते, मग दोन्हीकडची माणसं भोवती जमली. खिशातले मोबाइल निघाले, वचनं शोधली गेली. पौलानं काय म्हटलं, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काय, खरी मंडळी कोणती. सुशीलना नंतर आठवलं की मध्येच आपला एक मुद्दा बिनतोड लागला आणि आपल्याला बरं वाटलं होतं. मित्र दहा हात अंतरावर पडलेला होता आणि त्यांना बरं वाटलं होतं.

ऊन डोक्यावर आलं. बर्फाचं पाणी अंगणातून वाहून रस्त्यावर गेलं. कौशल्याबाई दोनदा दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी गोपाळरावांकडे नुसतं पाहिलं.

गोपाळराव उठले. आवाज न चढवता म्हणाले, "भाऊ, तुमचं जमत नसन तर राहू द्या. आमचं जमते."

कुणाला काही कळेना.

"मी त्याच्याशी इतकी वर्षं बोललो नाही," गोपाळराव म्हणाले. "वाटलं होतं, तुमच्यात गेला तर तुमी तरी त्याले सांभाळून राहिले. त्याचं आंग खराब होऊन राहिलं, दिसत नाही का तुमाले?"

पोरांनी तिरडी बांधली. सुशील "थांबा, थांबा, देतो न जागा," असं म्हणत पुढे झाले. त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. चंदनही म्हणाले, "अंकलनाच करू द्या, मी मागे उभा राहतो." आता त्याला अर्थ नव्हता. तिरडी उचलली गेली आणि दहनासाठी गंगाबाई घाटाच्या रस्त्याला लागली.

सुशील मागोमाग गेले. हे खरंच घडतंय हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. घाटावर लाकडं रचेपर्यंत त्यांना वाटत होतं, आता कुणीतरी थांबवेल. भैयाजींना वर ठेवल्यावर गोपाळरावच वळून म्हणाले, "तुमचं जे काही म्हनाचं असते ते म्हना. त्याले आवडलं असतं."

आयुष्यभर बोललेल्या सुशीलच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. चंदननं कशीबशी प्रभूची प्रार्थना म्हटली. मग गोपाळरावांनी अग्नी दिला. सुशील ज्वाळांकडे बघत उभे राहिले. लोक निघून गेले तरी त्यांचे पाय हलेनात. शेवटी बायको दामिनी त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली.

त्यानंतर त्यांनी वाद सोडला. सेक्रेटरीपद सोडलं. बसमध्ये कुणी मुद्दाम खोडी काढली तरी ते खिडकीबाहेर बघत. लोकांना वाटलं, वकील शहाणा झाला. दामिनीला वाटलं, माणूस आजारी पडणार.

पावसाळ्याच्या सुमारास एकदा ते कौशल्याबाईंना भेटायला गेले. बाईंनी चहा दिला आणि त्या समोर बसल्या. मग म्हणाल्या, "सुशीलभाऊ, एक विचारू काय? खरं सांगजा."

"विचारा न, वैनी."

"जाळलं म्हनून ते तुमच्या देवाकडे नाही जात काय? एक बाई येऊन सांगून गेली. म्हने, मातीच नाही भेटली, आता शेवटच्या दिवशी उठन कसा तो? तुमच्या चर्चची होती का त्यांच्या मंडळीची, मले नाही मालूम. तवापासून झोप नाही मले. म्याच त गोपाळदादाले पाह्यलं होतं न त्या दिवशी. काहून पाह्यलं मी?"

अंगणातला त्यांचा वाद या बाईच्या उरावर येऊन बसला होता, आणि इतके दिवस आपण गप्प बसून स्वतःला पश्चात्तापी समजत होतो!

"खोटं हाय ते, वैनी. साफ खोटं."

"तुमी म्हनता खोटं. ती म्हने खरं. मी कोनाचं आयकू?"

सुशील तडक चंदनच्या घरी गेले. घाटानंतर दोघं प्रथमच भेटत होते. चंदनला वाटलं, भांडायला आले. ऐकल्यावर त्यांनी पायात चपला घातल्या. दोघंही तसेच कौशल्याबाईंच्या घरी आले, जमिनीवर बसले, आणि आळीपाळीनं समजावत राहिले. आगीत जळून मेलेले, समुद्रात बुडालेले, ज्यांचं हाडही सापडलं नाही असे किती विश्वासणारे, देव त्यांना हरवून बसला आहे का? तुमच्या नवऱ्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते आमचं.

बाई ऐकत होत्या. मग रडल्या. घाटावरही त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर सुशील आवारात उभे राहिले आणि कौशल्याबाईंना कुणी काय सांगून गेलं, ती गोष्ट त्यांनी काढली. कुणाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी घेतलंही नाही. पण मागच्या बाजूनं कुणीतरी म्हणालंच, "तसं पाह्यलं त जाळनं बरोबर नाहीच न."

"ये इकडे," सुशील म्हणाले. "बस. यावर बोलू आपन."

आवाज चढला नव्हता. दामिनी शेजारी येऊन उभी राहिली. तिनं दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या.