फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

आत्याचे आभार मानायचे म्हणे! कशाचे? दोन वर्षं फुकटात भांडी घासू दिली, त्याचे?

नव्वदच्या दशकात मी संगमनेरला डी.एड. करत होते. आमचं गाव अकोले तालुक्यात, डोंगराकडेला. रोज जाणं-येणं शक्य नव्हतं म्हणून राहायला वडिलांच्या बहिणीकडे. नावाला भाची, कामाला मोलकरीण. पाणी भर, भाकरी थाप, तिच्या पोरांचे युनिफॉर्म धू आणि मग उपाशीपोटी कॉलेजला पळ. वर आल्यागेल्याला ही बाई ऐकवणार, "भावाची पोरगी सांभाळतेय, काय करता!" ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

माझं शिक्षण संपत आलं, तेव्हा धाकटी बहीण दहावीची परीक्षा देऊन बसली होती. तिला अकरावीला संगमनेरच्या होस्टेलवर राहायचं होतं. मी सुट्टीला गावी गेले, तर आईनं ठरवलेलं, आत्याकडेच ठेवायची.

"परक्याच्या दारात पोरगी ठिवायची न्हाई," आई म्हणाली. "वन्सं हायेत ना. तू निघताना त्यांना कायतरी करून दे. तुला कालेजात शिकवलंय ना ते कागदाचं? त्यांचं मन राहिलं म्हंजी धाकटीला न्हाई म्हननार न्हाईत."

म्हणजे मी सुटायचं आणि माझ्याच हातानं धाकटीला तिथं अडकवायचं. मी भांडले, रडले. आई ढिम्म हलली नाही.

तर आत्याकडे परतल्यावर मी दातओठ खात कार्ड करायला बसले. कॉलेजात चिकटवहीसाठी जमवलेलं सगळं सामान होतंच: जुन्या लग्नपत्रिकांची सोनेरी वेलबुट्टी, चमकी, टिकल्या, लोकर, क्रेप कागदाची फुलं. बाईंनी शिकवलं होतं की कागद कात्रीनं न कापता हातानं फाडला की कडेला छान पांढरी झालर येते. मी जाड पांढऱ्या कागदाची घडी घातली, वरचा एक कोपरा तसाच फाडला आणि तिथं मोठं लाल फूल बसवलं. मधोमध चमकीनं 'थँक्यू'. राग कितीही असो, हात वाईट काम करायला तयार होईनात, मेले! दृष्ट लागावी असं कार्ड झालं.

फक्त खळ कच्ची होती. खळीसाठी मी आत्याकडे चमचाभर मैदा मागितला, तर म्हणाली, "कागदं चिकटवायला मैदा? अन्न आहे ते! माजलात का?" मग शिळ्या भाताची शितं चेचून मी ते फूल चिकटवलं होतं.

निघायच्या दिवशी आई आणि धाकटी मला न्यायला आल्या. आईनं खूण केली तशी मी आत्याच्या पाया पडले आणि कार्ड हातात दिलं. तिनं ते उलटंसुलटं केलं, तसं फूल टपकन फरशीवर पडलं. शितं वाळून गेली होती. तिच्या हातात उरला कोपरा फाडलेला कागद.

आत्या अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. "अगं बाई गं! कोपरा फाडलेला कागद! मयताचं पत्र देतेस मला? जिवंतपणी?"

मला तेव्हा कुठं उजेड पडला. कुणी गेल्याचं पत्र कोपरा फाडून धाडतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण फुलाच्या नादात डोक्यातच आलं नाही. मी खाली पडलेलं फूल दाखवलं, झालरीचं सांगितलं. कोण ऐकतंय! आई हात जोडून म्हणाली, "वन्सं, पोरीची चूक झाली वो. पदरात घ्या."

"वहिनी, हिला न्या आणि त्या दुसरीलाही न्या!" आत्यानं कार्ड दाराबाहेर भिरकावलं. "तुमची एकही अवदसा माझ्या उंबऱ्यात नको!"

खोटं कशाला सांगू, मला मनातून उकळ्या फुटत होत्या. तोंड पाडून उभं राहताना जीव मेटाकुटीला आला.

एसटीत आई पुढच्या बाकड्यावर बसली, आमच्याकडे पाठ करून. रस्ताभर तिचा पट्टा चालू होता. "भावाभैनीत इख कालवलंस. आता जाऊ दे तिला त्या होस्टेलात, खाऊ दे पान्यासारखं वरन!"

होस्टेल हा शब्द ऐकला तशी धाकटीनं माझा हात घट्ट धरला. ती दाराबाहेर जाऊन ते कार्ड केव्हा उचलून आली, मला कळलंच नव्हतं. तिनं ते पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि चमकीच्या अक्षरांवर बोट टेकवलं.

"ताई, हे तुला," ती हळूच म्हणाली.

दोन वर्षांत मला 'थँक्यू' कुणीही म्हटलं नव्हतं. आत्याच्या घरात इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिथं एसटीत फुटलं. आईला वाटलं, मला पश्चात्ताप झाला.