मुखवट्याची आतली बाजू

दिनांक २४ फेब्रुवारी १९३१, दुपारचे चार. स्थळ रत्नागिरी, झाडगावातील आमच्या घराचे अंगण. जे घडले ते या वेळी सुरू झाले आणि दिवेलागणीच्या सुमारास संपले. त्याला आज सात वर्षे झाली.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. सर्व्हे खात्यात माझा जन्म गेला. मोजणीला गेलो की प्रत्येक गावात कोणी ना कोणी पुढे येऊन सांगे, ‘साहेब, त्या पिंपळाखालून साखळी नेऊ नका.’ मी नेत असे. काहीही झाले नाही. आपल्या मासिकात येणारे वाचकांचे अनुभव मी वाचतो, पण त्यांतील बहुतेक अपचनाचे परिणाम असावेत असे माझे मत आहे. हाही अनुभव कोणास तसा वाटला तर माझी तक्रार नाही. मी फक्त घडले ते क्रमाने लिहितो.

त्या वेळी घरात आम्ही तिघे होतो – मी, माझी सून आणि तिची तेरा वर्षांची मुलगी कुसुम. माझी पत्नी पूर्वीच वारली होती. मुलगा वामन नोकरीसाठी म्हणून आगबोटीने मुंबईस गेला, तेव्हा कुसुम पाळण्यात होती. मुंबईच्या धक्क्यावर उतरताना त्याला आमच्या आळीतील एका गृहस्थाने पाहिले. त्यानंतर कोणीही पाहिले नाही. ज्या पेढीवर तो रुजू होणार होता तेथे तो पोचलाच नाही. मी दोनदा मुंबईस जाऊन आलो. इस्पितळे पाहिली, पोलीस कचेऱ्या पाहिल्या... काही निष्पन्न झाले नाही.

माणूस बारा वर्षे बेपत्ता राहिला की आपल्या शास्त्राप्रमाणे त्याला मृत धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करावयाचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावयाचा, आणि त्या पुतळ्याला अग्नी द्यावयाचा. याला पालाशविधी म्हणतात. बारा वर्षे भरली होती. त्यातच देवरूखच्या एका घराण्यातून कुसुमसाठी विचारणा आली होती. त्यांचा पहिलाच प्रश्न – मुलीचा बाप आहे की नाही? ‘माहीत नाही’ या उत्तरावर लग्ने ठरत नाहीत. मी अंतूभटजींशी बोलून धुळवडीनंतरचा दिवस ठरविला. पाने देवरूखकडून मागविली. कुंभाराकडून नवे मडके आणले, कारण चितेभोवती फिरताना ते लागते. दोन्ही वस्तू मागील पडवीत गोणपाटाखाली ठेवल्या.

सुनेला सांगितले नव्हते. विधी झाला की त्याच दिवशी तिचे कुंकू पुसले जाणार, बांगड्या फुटणार आणि न्हावी बोलावला जाणार, हे तिला कोणी समजावून सांगावे लागले नसते. आदल्या दिवशी सांगू असे मी ठरविले होते. रडारड आधीपासून लांबविण्यात मला अर्थ दिसला नाही.

आता मुखवट्यांविषयी. शिमगा सुरू झाला होता. आमच्याकडे शिमग्यात मुले सोंगे घेऊन दारोदार पोस्त, म्हणजे सणाचे पैसे, मागतात. कुसुमने आणि शेजारच्या बाळ व चिंगी या भावंडांनी त्या वर्षी भुतांची सोंगे घ्यावयाचे ठरविले. एक वेताळ, एक गिऱ्हा, एक हडळ. बाजारचा मुखवटा मी आणू देणार नव्हतो. तेव्हा घरीच करा म्हणालो, आणि कसा करावयाचा तेही दाखविले. मडके पालथे घालावे, त्याला राख चोळावी म्हणजे कागद चिकटत नाही. वर्तमानपत्राचा पहिला थर नुसत्या पाण्याने लावावा, पुढचे थर तांदळाच्या पिठाच्या खळीने, एक उभा एक आडवा. नाक आणि गालफडे कागदाच्या लगद्याने वरून थापावीत. नीट वाळले की उचलावे, डोळ्यांची भोके पाडावीत. मग तव्याची काजळी, गेरू, दाढीला काथ्या आणि दातांना भोपळ्याच्या बिया.

मुले दोन दिवस अंगणात हात बरबटून बसली होती. उन्हात ठेवलेली मडकी, वर चिकटलेल्या जुन्या बातम्या, त्यांवर माश्या... एकंदर दृश्य अभद्र होते.

‘आजोबा, तुम्ही पण सोंग घ्या ना,’ चिंगी म्हणाली.

‘त्यांना कशाला गो मुखवटा?’ बाळ म्हणाला. ‘ते आहेत तसेच चालतील. दारात नुसते उभे राहिले तरी लोक पोस्त टाकून पळतील.’

‘मेल्या, ऐकलं त्यांनी!’

मी ऐकले होते. बाळाला काजळी खलावयास बसविले.

२४ तारखेला चार वाजता मुखवटे उचलावयास घेतले. सून ओटीवर विळी घेऊन चिंचा फोडीत बसली होती. बाळ आणि चिंगी यांचे मुखवटे आमच्या जुन्या मडक्याच्या दोन बाजूंवर केलेले होते. ते सुटले. आतून मडक्यासारखेच गुळगुळीत आणि गोल. मग कुसुमने आपले मडके आणले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की ते नवे आहे.

‘हे कुठून घेतलेस?’

‘पडवीतून. गोणपाटाखाली होतं. जुन्यावर या दोघांनी जागाच ठेवली नाही.’

‘मला विचारलेस?’

‘तुम्ही निजला होतात. आणि आजोबा, तिथे पळसाची पानं किती आहेत! एवढ्या पत्रावळी कशाला?’

विळीचा आवाज थांबला. सुनेने चिंचेचा हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिले. कोरे मडके आणि पळसाची पाने. आमच्या घरांतील कोणत्याही बाईला एवढ्यावरून सर्व कळते.

‘कधीचं ठरलं आहे, मामंजी?’

‘धुळवडीनंतर.’

‘आणि मला?’

‘सांगणार होतो.’

‘केव्हा? न्हावी ओटीवर येऊन बसल्यावर?’

इतक्या वर्षांत ती माझ्याशी या स्वरात बोलली नव्हती. कुसुमला अर्धे कळले असावे. काहीतरी करावे म्हणून तिने मुखवट्याच्या कडेखाली बोटे घातली आणि तो मडक्यावरून उचलला. उलटा करून आत पाहिले, आणि ती म्हणाली –

‘आजोबा, आत कोणीतरी आहे.’

तिच्या हातून मी तो घेतला.

मुखवट्याच्या आतल्या बाजूस चेहरा होता. काढलेला नव्हे, उमटलेला. ओल्या मातीत तोंड दाबून उचलावे तसा खोलगट. कपाळ, मिटलेल्या पापण्या, नाक, ओठ, हनुवटी. नाक किंचित उजवीकडे झुकलेले. डाव्या भुवईच्या मधोमध आडवी चीर, आणि तेवढ्या जागी केस नाहीत... भुवईचे केस कागदात एकेक उमटलेले दिसत होते. वामन लहानपणी विहिरीच्या जांभ्या दगडाच्या काठावर पडला होता. नाकाचे हाड तेव्हाच वाकले, भुवई तेव्हाच फाटली. ती मी माझ्या हातांनी बांधली होती.

सून उठली. चिंचेचे हात तिने पदराला पुसले – एरवी ती असे कधी करीत नसे – आणि मुखवटा माझ्याकडून घेतला. अंगठा त्या चिरेवरून एकदा फिरविला. नवऱ्याचे नाव तिने जन्मात उच्चारले नव्हते, त्या दिवशीही उच्चारले नाही.

‘हे त्यांचं आहे,’ ती म्हणाली.

मी कारणे शोधली. प्रथम मडके पाहिले. राख पुसून बोटांनी सर्व बाजूंनी चाचपले, वाजविले. कोठे खळगा नाही, उंचवटा नाही, तडा नाही. वरून थापलेला लगदा आत उतरला म्हणावे, तर खाली पक्के भाजलेले मडके होते. कागद वाळताना आकसतो हे मला ठाऊक आहे. तो सुरकुततो, भुवया काढीत नाही. कुसुमने कोरले म्हणावे, तर बापाचा चेहरा तिला आठवणे शक्य नव्हते आणि आमच्या घरी वामनचा फोटो नव्हता. नाकाची आणि भुवईची गोष्ट तिला माहीत होती काय, असे मी तिलाच विचारले. तिने नाही म्हणून मान हलविली. आईकडे पाहून ती रडू लागली. बाळ आणि चिंगी आपले मुखवटे तेथेच टाकून घरी पळाली.

‘आतून ओला आहे,’ सून म्हणाली.

‘वाळला नसेल.’

‘बाकी सगळा वाळला आहे. बघा हात लावून.’

मी हात लावला. दोन दिवसांच्या उन्हाने कागद खडखडीत झाला होता. फक्त ओठांपाशी, रुपयाएवढ्या जागेत, ओल होती. आणि ती जागा कोमट होती. मी ती पंच्याने टिपली आणि मुखवटा उन्हात धरला. थोड्या वेळाने पुन्हा तेथेच ओल आली.

मग मी माझा चष्मा काढला. काच पुसून त्या ओठांसमोर धरली. काच धुरकटली. बाजूला घेतली, स्वच्छ झाली. पुन्हा धरली – पुन्हा धुरकटली. थांबून, सरकून, पुन्हा. निजलेल्या माणसाच्या नाकाशी काच धरावी, तशी.

किती वेळ मी हे करीत होतो ते सांगता येत नाही. उन्हे अंगणातून उतरून माडांच्या शेंड्यांवर गेली होती. सून शेजारी उभी होती आणि सर्व पाहत होती.

‘मामंजी,’ ती म्हणाली, ‘श्वास चालू असलेल्या माणसाला अग्नी देणार का तुम्ही?’

मी चष्मा डोळ्यांना लावला. ती काच माझ्याकडच्या बाजूने ओली होती, असे त्या वेळी माझ्या ध्यानात आले. त्याचा या हकिगतीशी संबंध नाही.

दिवेलागणीस अंतूभटजी आले. ओटीवर बसून पान जमविता जमविता म्हणाले, ‘मग तात्या, तयारी झाली ना? पानं बरी मिळाली का? नाहीतर हल्ली कसलीही भोकं पडलेली देतात हो.’

‘विधी होणार नाही.’

‘म्हणजे? पुढे ढकलायचा?’

‘करावयाचा नाही.’

‘अहो, बारा वर्षं झाली! असं करून कसं चालेल? गेलेल्याला गती नको? आणि देवरूखच्यांना मी काय सांगू?’

‘मुलीचा बाप बेपत्ता आहे असे सांगा. खरे तेच.’

‘ते स्थळ जाईल, तात्या.’

‘जाऊ द्या.’

‘काही झालं का घरात?’ त्यांनी आवाज उतरवून विचारले. आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज चालला होता.

‘मुलांनी मडके बाटविले,’ मी म्हणालो. तेही खोटे नव्हते. भटजी पान तोंडात टाकून, मान हलवीत निघून गेले.

स्थळ गेले. कुसुमचे लग्न पुढे तीन वर्षांनी चिपळूणकडे झाले. त्या मंडळींनी बापाविषयी फारसे विचारले नाही. मुखवटा सुनेने कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला. मी तो पुन्हा उघडून पाहिला नाही. तिने पाहिला असल्यास मला सांगितले नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरली, आणि त्यापुढच्या वर्षी वाळवीने कापडासकट खाल्ला. वामन आला नाही. त्याच्या मरणाचीही बातमी आली नाही. सून आजही सकाळी अंघोळ करून कुंकू लावते आणि स्वयंपाकाला लागते. तिने आशा ठेवावी की ठेवू नये, हे मी तिला कधी सांगितले नाही, कारण मलाच ते माहीत नाही.

अनेकांना मी कारण विचारले आहे. एका डॉक्टरांनी सांगितले की उकाड्यात ओला कागद वाफ सोडतो. कागद ओला नव्हता, असे मी म्हणालो. एका शास्त्रीबुवांनी सांगितले की विधीसाठी आणलेले मडके दुसऱ्या कामास वापरले की ज्याच्यासाठी ते आणले तो येऊन उभा राहतो. कोणत्या ग्रंथात आहे, असे मी विचारले. त्यांना दाखविता आले नाही. तो श्वास जिवंत माणसाचा होता की श्वास हवा असलेल्याचा, याचे उत्तर मजपाशी नाही. इतर कोणापाशी असेल असेही वाटत नाही.

त्या दिवशीचे राहिलेले एवढेच. भटजी गेल्यावर मी कंदील घेऊन मागील पडवीत गेलो. पानांची दोरी सोडली. पाने कडा वळून कडक होऊ लागली होती. त्यांवर पाणी शिंपडले. माडाच्या झावळीचे हीर काढून घेतले आणि रात्रीच्या जेवणासाठी पत्रावळी लावावयास बसलो. तीन हव्या होत्या. चार लावल्या गेल्या. चौथी उसविली नाही. पाणी निथळून ती फळीवर उताणी ठेवली.