कोऱ्या पट्टीचा दिवस

गोळेमास्तरांनी सख्ख्या भाचीच्या पाठीवर काचेचा गोळा धरून तिला डागलं, अशी कुजबूज गल्लीत महिनाभर चालू होती. शिंपीणबाई तर कारणासकट, वेळेसकट सांगायच्या. त्या तेव्हा तिथे नव्हत्या, हा किरकोळ मुद्दा.

मास्तर हवामान खात्यात निरीक्षक. कचेरीच्या गच्चीवर भरीव काचेचा गोळा आणि त्याच्यामागे निळी कागदी पट्टी. ऊन पडलं की गोळा ते एकवटतो आणि पट्टीवर जळकी रेघ उमटते. संध्याकाळी रेघ मोजायची. तेवढे तास ऊन. सव्वीस वर्षं हा माणूस पट्टीच्या शब्दाबाहेर गेला नाही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत सगळं वऱ्हाड डोळे बारीक करून उभं, तरी हे ठणकावून सांगणार, "ऊन नव्हतंच. पट्टी कोरी आहे त्या दिवसाची!"

भाची सोळा वर्षांची, पाण्यात पडली की मासोळी. पंधरा दिवसांवर तिची निवड चाचणी होती आणि नेमक्या तेव्हाच कसल्याशा गोळ्या सुरू झालेल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या संपेपर्यंत अंगाला ऊन लागू द्यायचं नाही, कातडी भाजेल. तिच्या आईला चार दिवस परगावी जावं लागलं. "दादा, तुझ्या भरवशावर सोडतेय हं हिला," असं सांगून ती गेली.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. भाचीने थेट कचेरी गाठली.

"मामा, आज तरी जाऊ?"

मास्तर गच्चीवर जाऊन पट्टी बघून आले. "बारा वाजलेत आणि साधा ठिपका नाही. ऊनच नाही आज. जा खुशाल!"

पोरगी उघड्या तलावात अडीच तास पोहली. संध्याकाळी पाठ लालभडक, सकाळी फोड. दुपारी आई परतली आणि तिने घर डोक्यावर घेतलं.

"कुणाला विचारून गेलीस?"

"कुणालाच नाही."

"मग पोहणं बंद! चाचणीबिचाणी काही नाही."

मास्तर मलमाची ट्यूब हातात धरून दारात उभे होते. ट्यूबचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. भाचीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तेच जिव्हारी लागलं.

कारण मास्तरांना ठाऊक होतं. ढग ऊन गिळत नाही, विखरतो. झोत तुटतो म्हणून काचेच्या गोळ्याला पट्टी जाळता येत नाही. पण कातडी भाजणारं ऊन बरंचसं खाली येतंच. नव्या उमेदवारांना दरवर्षी हे स्वतः मास्तरच शिकवायचे. वर पुन्हा, "लक्षात ठेवा, विसराल!" असा दमही भरायचे.

दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीसमोर जाऊन बसले.

"मी पाठवलं होतं तिला."

"आणि परवा काय तोंडाला कुलूप होतं?"

"होतं."

बहीण आठवडाभर बोलली नाही, पण चाचणीला तिने लेकीला स्वतः नेलं. निघताना भाची हळूच म्हणाली, "मामा, मी कधीच सांगितलं नसतं रे."

"तेच तर खुपतंय," मास्तर म्हणाले.

भाचीला कुणी डागलं नव्हतं. त्या दिवशी शून्य तास ऊन नोंदलं गेलं, तिची पाठ ढगांतून आलेल्या उन्हाने भाजली, आणि तिला त्या उन्हात मामांनी पाठवलं होतं.