बर्फाबाहेर राहिलेलं रक्त

रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे शरीराला प्राणवायू कमी पडल्याची खूण, चढत गेलं की आजारी पोर हातचं जाण्याची भीती वाढते. उतरायला लागलं की घरच्यांच्या जिवात जीव येतो. मुलांच्या अतिदक्षता विभागासाठी तो आकडा लॅबमध्ये ती काढते, म्हणून सगळे तिला ‘भविष्यवाली’ म्हणतात. बाई कामाला वाघ, पण पायाला भिंगरी आणि जिभेला हाड नाही. एका जागी बसेल तर शपथ!

त्या सकाळी एका लहानगीचं रक्त आलं, तेव्हा फोनवर नणंद होती. धाकट्या दिरानं आणखी एक स्थळ नाकारलं होतं. असली बातमी अर्धवट सोडायला माणूस दगडाचाच हवा.

“नाक बसकं म्हणाला? आणि ह्याचं काय, चाफेकळी?”

या भानगडीत सिरिंज बर्फाऐवजी टेबलावरच राहिली. गप्पा रंगल्या. मग तिनं घाईघाईनं रक्त मशीनला लावलं. आकडा कालच्या दुप्पट! सवयीनं वॉर्डात कळवून टाकला, आणि तेव्हा कुठे बर्फाचं रिकामं भांडं दिसलं.

बर्फाबाहेर रक्तातलं लॅक्टेट आपसूक वाढतं, हे नव्या मुलींना ओरडून शिकवणारी हीच. ती बसली, उठली, पुन्हा बसली. सांगावं तर नाक कापलं जाणार, आणि पोरीला परत सुई. तिचे हात आधीच टोचून टोचून काळेनिळे. न सांगावं तर...

ती धावतच वॉर्डात शिरली. श्वासाची नळी घालायची तयारी चालली होती.

“डॉक्टरबाई, थांबा! तो आकडा पोरीचा नाही, माझा आहे. रक्त बाहेर राहिलं. नणंदेशी बोलत बसले होते.”

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. “परत टोचायचं म्हणजे आईला सांगावं लागेल. तुम्हीच सांगा.”

आईनं सगळं ऐकून घेतलं. “झाल्या का तुमच्या गप्पा?” ती म्हणाली. “मग घ्या. पण हात मी धरणार. आणि रक्ताबरोबर मीही येणार.”

बर्फाचं भांडं छातीशी धरून भविष्यवाली पुढे, आई तिच्या पाठोपाठ लॅबमध्ये. मशीन घरघरत राहिलं. दोघींपैकी कुणी बसेना.

आकडा आला. कालच्यापेक्षा जास्त, पण नळी घालण्याइतका नाही.

“म्हणजे बरं की वाईट?”

“म्हणजे दुपारी परत बघायचं, ताई.”

“आणि तोवर?”

भविष्यवालीनं डॉक्टरबाईंना आकडा कळवला आणि आईसोबत वॉर्डाकडे चालू लागली.